भाकरीची भाषा : क्वेबेक आणि तिथले लोक



कॅनडा म्हटलं की आपल्याकडे टोरांटो, व्हँकुव्हर, पंजाबी वस्त्या आणि विद्यार्थ्यांचे व्हिसा एवढ्यावर बोलणं संपतं. त्याच देशातला क्षेत्रफळानं सर्वांत मोठा प्रांत, क्वेबेक, आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. महाराष्ट्राच्या पाचपट भूमी आणि २०२१ च्या जनगणनेनुसार पंच्याऐंशी लाख माणसं, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईहूनही कमी. त्यातली बहुतेक सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही काठांवर राहतात. त्याच जनगणनेत ७७.५ टक्के लोकांनी घरात मुख्यतः फ्रेंच बोलत असल्याचं नोंदवलं. या लोकांच्या भोवती, उरलेला कॅनडा आणि अमेरिका मिळून, पस्तीस कोटींच्या आसपास माणसांचा सार्वजनिक व्यवहार इंग्रजीत चालतो. एवढ्या मोठ्या शेजारात एवढीशी भाषा चारशे वर्षं टिकली कशी, हा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचं नेहमी मिळणारं उत्तर असं की हे लोक फार अभिमानी आहेत आणि मातृभाषेवर त्यांचं अतोनात प्रेम आहे. आज मला या उत्तराचीच तपासणी करायची आहे. क्वेबेकच्या लोकांना ओळखायचं तर त्यांच्या अभिमानापासून सुरुवात करून भागत नाही, त्यांच्या कमाईपासून करावी लागते, असं माझं म्हणणं आहे. तिथली फ्रेंच आज जिवंत आहे ती मुख्यतः १९६० नंतर ती भाकरीची भाषा झाली म्हणून. त्या समाजाचे वाद, त्याचं राजकारण आणि त्याच्या चुकासुद्धा इथूनच नीट उमगतात.

आधी थोडा इतिहास. १६०८ मध्ये सामुएल द शांप्लेन यानं क्वेबेक नगर वसवलं. १६४२ मध्ये माँट्रियलची वस्ती झाली. १३ सप्टेंबर १७५९ रोजी क्वेबेकच्या तटबंदीबाहेरच्या मैदानात इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांची गाठ पडली. वुल्फ आणि माँकाल्म हे दोन्ही सेनापती त्या लढाईत कामी आले आणि वसाहत इंग्रजांकडे जाणार हे जवळपास ठरलं. १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सनं कॅनडा सोडला आणि साखर पिकवणारी ग्वादलूप, मार्टिनिक ही बेटं परत मिळवली. मागे राहिली साठ-सत्तर हजार माणसं. अधिकारी आणि बडे व्यापारी यांतले बरेच मायदेशी परतले, शेतकरी आणि पाद्री राहिले. पुढे अमेरिकन वसाहती बंडाच्या उंबरठ्यावर असताना, १७७४ मध्ये, लंडननं या लोकांना कॅथलिक धर्म आणि फ्रेंच नागरी कायदा पाळण्याची मुभा दिली. इथे एक वाटणी झाली आणि ती जवळजवळ दोनशे वर्षं चालली. चर्च, शेत आणि घरातला व्यवहार फ्रेंचकडे राहिला. फरचा व्यापार, इमारती लाकूड, बँका, आगगाड्या आणि कारखाने माँट्रियलमधल्या इंग्रज आणि स्कॉटिश व्यापाऱ्यांकडे गेले. १८३७-३८ मध्ये लुई-जोसेफ पापिनो यांच्या नेतृत्वाखालची राजकीय चळवळ सशस्त्र उठावापर्यंत गेली आणि चिरडली गेली. चौकशीसाठी आलेल्या लॉर्ड डरहॅमनं १८३९ च्या अहवालात या लोकांना इतिहास नाही आणि साहित्य नाही, असा निवाडा देऊन त्यांना इंग्रजीत विरघळवून टाकण्याची शिफारस केली. फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो यानं कॅनडाच्या इतिहासाचा पहिला खंड १८४५ मध्ये छापला, तो या निवाड्याला उत्तर म्हणून. उत्तर तेजस्वी होतं, पण बँकेच्या खिडकीपलीकडची भाषा त्यानं बदलली नाही.

इथेच पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भाकरी इंग्रजीत असूनही १७६३ ते १९६० अशी दोनशे वर्षं फ्रेंच टिकलीच ना? मग टिकण्याचं श्रेय चर्चला, खेड्यांना आणि मोठ्या कुटुंबांना द्यायला हवं. क्वेबेकमध्ये दहा-बारा मुलांची घरं सर्रास होती. ‘पाळण्यांनी घेतलेला सूड’ असं त्याला अभिमानानं म्हटलं जाई. रणात हरलेली भूमी बायकांनी बाळंतपणांच्या बळावर राखली, असा त्याचा अर्थ. (त्या बायकांना याची काय किंमत द्यावी लागली, हे चर्चनं कधी मोजलं नाही.) या मताची पारख करायची तर अशी फ्रेंच कॅनेडियन माणसं शोधायला हवीत, ज्यांच्याकडे तेच चर्च, तीच शाळा आणि तीच मोठी कुटुंबं होती, फक्त पोटापाण्याची भाषा वेगळी होती. इतिहासानं ती आपल्यासमोर ठेवली आहेत. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन सीमा ओलांडून अमेरिकेत गेले, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत. लोवेल, मँचेस्टर, वून्सॉकेट या गावांत त्यांनी आपल्या वस्त्या उभ्या केल्या. तिथे फ्रेंच चर्च होतं, फ्रेंच नन शिकवत, फ्रेंच वर्तमानपत्रं निघत, घरं पोरांनी भरलेली असत. अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुआक १९२२ मध्ये लोवेलच्या अशाच घरात जन्मला, लहानपणी घरात फ्रेंचच बोलत होता आणि इंग्रजी तो नंतर शिकला. त्यानं नाव कमावलं ते इंग्रजी पुस्तकांवर. त्याच्या पिढीनंतर या वस्त्यांमधली फ्रेंच झपाट्यानं ओसरली. गिरणीतल्या मुकादमाची, बढतीची, युनियनची, दुकानाची भाषा इंग्रजी होती. चर्चनं आणि पाळण्यानं भाषेला दोन-तीन पिढ्यांचा अवधी मिळवून दिला, त्यापलीकडे त्यांची ताकद पुरली नाही.

क्वेबेकमध्ये हा अवधी लांबला, कारण तिथे शेती होती आणि खेड्यातल्या माणसाला इंग्रजी बोलणारा मालक रोज भेटत नव्हता. शेतीतून माणसं माँट्रियलच्या कारखान्यांत आली तसा धोका दारात आला. विसाव्या शतकाच्या मध्यावरचं माँट्रियल डोळ्यांसमोर आणायचं तर गाब्रिएल रॉय यांची १९४५ ची ‘बोनर दोकाझियाँ’ ही कादंबरी वाचावी. सेंट-हेन्री या कामगार वस्तीतलं एक फ्रेंच कुटुंब, बेकारी, भाड्याच्या खोल्या बदलण्याची दरवर्षीची ओढाताण, महायुद्धातली भरती हीच ज्यांना पहिली पक्की नोकरी वाटते असे पुरुष, आणि वरच्या टेकडीवरचं श्रीमंत इंग्रजी वेस्टमाउंट. या कादंबरीला १९४७ मध्ये फ्रान्सचं फेमिना पारितोषिक मिळालं. कादंबरी हा पुरावा मानत नसाल तर सरकारी कागद पाहू. कॅनेडियन नॅशनल ही रेल्वे कंपनी सरकारी होती आणि तिचं मुख्यालय माँट्रियलमध्ये होतं. १९६२ मध्ये संसदेच्या समितीपुढे तिचे अध्यक्ष डोनाल्ड गॉर्डन यांना विचारलं गेलं की तुमच्या उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही. बढती गुणवत्तेवर होते, असं त्यांचं उत्तर होतं. या उत्तरावर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९६३ मध्ये संघ सरकारनं आंद्रे लोरांदो आणि डेव्हिडसन डंटन यांच्या अध्यक्षतेखाली द्विभाषिकतेवर शाही आयोग नेमला. १९६१ च्या जनगणनेवरून आयोगानं क्वेबेकमधल्या पुरुषांची वंशवार सरासरी मिळकत मांडली, तेव्हा चौदा गटांत फ्रेंच वंशाचे पुरुष बारावे आले. ज्या प्रांतात पाचांतली चार माणसं फ्रेंच, तिथे त्यांच्याखाली फक्त इटालियन आणि मूळ रहिवासी होते. फक्त इंग्रजी येणारा माणूस, दोन्ही भाषा येणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा सरासरीनं जास्त कमावत होता. आपल्याच प्रांतात, आपल्याच शहरात आपली भाषा येणं हा तोट्याचा व्यवहार ठरत असेल तर तिथे अभिमानाची व्याख्यानं किती पुरी पडणार?

२२ जून १९६० रोजी जाँ लझाज यांचा लिबरल पक्ष क्वेबेकमध्ये निवडून आला आणि मॉरिस ड्युप्लेसी यांच्या दीर्घ राजवटीची परंपरा तुटली. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्या दशकाला तिथे ‘शांत क्रांती’ म्हणतात. या क्रांतीचं वर्णन करताना चर्चची पकड सुटली, साहित्य-नाटक फुललं, असं सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. मिशेल त्रांब्ले यांनी १९६८ मध्ये माँट्रियलच्या कामगार बायकांची गावठी ठरवलेली बोली ‘ले बेल-सर’ या नाटकातून रंगभूमीवर आणली आणि शिष्ट लोक हादरले. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती वीज. १९६२ च्या निवडणुकीत लझाज यांनी ‘आपल्या घरात आपण मालक’ ही घोषणा दिली आणि एकाच मुद्द्यावर कौल मागितला : खासगी वीज कंपन्या प्रांताच्या मालकीच्या करायच्या. हा आग्रह धरणारे मंत्री रने लेव्हेक होते. १९६३ मध्ये त्या कंपन्या हायड्रो-क्वेबेकमध्ये आल्या. यातून वीजदराच्या पलीकडचं काहीतरी घडलं. मानिकुआगान नदीवरचं प्रचंड धरण १९६८ मध्ये पुरं झालं आणि त्याचं काम फ्रेंचमध्ये चाललं. आराखडे, सूचना, हिशेब, साहेब आणि मजूर यांच्यातलं बोलणं, सगळं फ्रेंच. फ्रेंच भाषा प्रार्थनेला आणि वकिलीला ठीक आहे, यंत्रांना नाही, हा समज काँक्रीटच्या भिंतीपुढे टिकला नाही. १९६४ मध्ये शिक्षणाचा कारभार चर्चच्या हातून सरकारी खात्याकडे आला, १९६७ मध्ये शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली सेजेप ही सरकारी महाविद्यालयं निघाली, १९६८ मध्ये क्वेबेक विद्यापीठ. १९६५ मध्ये निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणारी आणि प्रांतातल्या उद्योगांत गुंतवणारी ‘केस द देपो’ उभी राहिली. भांडवलाची तयारी त्याही आधीपासून चालली होती. आल्फाँस देझार्दां यांनी १९०० मध्ये लेव्ही गावात पहिली सहकारी पतपेढी काढली होती आणि शेतकऱ्यांच्या बचतीतून वाढलेलं ते जाळं आज प्रांताच्या अर्थकारणाचा कणा आहे. सहकारी चळवळीत वाढलेल्या मराठी माणसाला क्वेबेकमधली ही बाजू परकी वाटू नये.

भाषेचा कायदा यानंतर आला, हा क्रम मी मुद्दाम सांगतो. साठच्या दशकात जन्मदर झपाट्यानं घसरला. १९५० च्या दशकात दर स्त्रीमागे चारच्या आसपास मुलं होती, १९७० च्या सुमारास तो आकडा दोनवर आला. पाळण्याचा आधार संपला आणि पुढची वाढ स्थलांतरितांकडून येणार हे दिसू लागलं. स्थलांतरित आपली मुलं इंग्रजी शाळांत घालत होते. माँट्रियलच्या सेंट-लेओनार उपनगरात १९६८-६९ मध्ये इटालियन पालक आणि फ्रेंच शाळा मंडळ यांच्यात यावरून दंगलीपर्यंत मजल गेली. त्या इटालियन बापाला मी दोष देणार नाही. पगार ज्या भाषेत आहे तीच भाषा त्यानं मुलासाठी निवडली, त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. प्रश्न पगाराची भाषा बदलण्याचा होता. २६ ऑगस्ट १९७७ रोजी, तोवर प्रांताचे प्रमुख झालेल्या लेव्हेक यांच्या सरकारनं, कामी लोरां या मंत्र्यांच्या पुढाकारानं, फ्रेंच भाषेची सनद संमत केली, ती ‘कायदा १०१’ म्हणून ओळखली जाते. बाहेर चर्चा झाली ती दुकानांच्या पाट्यांची. माझ्या मते त्या कायद्याचा जीव दोन इतर तरतुदींत आहे. एक म्हणजे स्थलांतरितांची मुलं फ्रेंच शाळेत जातील. दुसरी म्हणजे पन्नास आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक व्यवसायानं आपलं अंतर्गत कामकाज फ्रेंचमध्ये आणलं पाहिजे आणि तसं प्रमाणपत्र मिळवलं पाहिजे. कामगाराला आपल्या भाषेत काम करण्याचा हक्क मिळाला आणि केवळ इंग्रजी येत नाही म्हणून त्याला काढून टाकणं बेकायदा ठरलं. एकटी शाळेची तरतूद असती तर ती सक्ती ठरली असती. नोकरीची तरतूद सोबत होती म्हणून शाळेत शिकलेल्या भाषेला बाजारात किंमत आली. आज इंग्रजी किंवा फ्रेंच मातृभाषा नसलेल्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ फ्रेंच शाळांत शिकतात. कायम वास्तव्यासाठी माँट्रियलला गेलेल्या मराठी आईबापांची मुलंही त्यांत आहेत. फ्रेंच आणि इंग्रजी भाषकांच्या मिळकतीतली ती जुनी दरी पुढच्या दोन दशकांत बरीचशी बुजली.

याची किंमत मोठी होती, असं टीकाकार म्हणतात, आणि ती होतीच. सन लाइफ या विमा कंपनीनं १९७८ मध्ये आपलं मुख्यालय टोरांटोला हलवण्याची घोषणा केली. १९७६ ते १९८१ या पाच वर्षांत एक लाखाहून अधिक इंग्रजी भाषकांनी प्रांत सोडला. टोरांटोची आगेकूच आधीपासून चालू होती हे खरं असलं तरी कायद्यानं ती वेगवान केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की किंमत कशासाठी मोजली गेली. प्रांतातल्या बहुसंख्यांना स्वतःच्या भाषेत वर चढता येणं यासाठी मोजली गेली, आणि मला ती योग्य वाटते. पाट्यांवर इंग्रजीला पूर्ण बंदी घालणं मात्र अनावश्यक होतं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली, त्यावर प्रांतानं पळवाट काढली आणि १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीच्या ताशेऱ्यानंतर कायदा बदलून फ्रेंच ठळक, इतर भाषांना मुभा, असा तोडगा निघाला. दुसरी भाषा शिकण्याविरुद्ध हा समाज कधी भिंत बांधून बसलेला नाही, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये क्वेबेकमधल्या ४६.४ टक्के लोकांना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येत होत्या. कॅनडाच्या दुसऱ्या कोणत्याही प्रांतात हे प्रमाण इतकं नाही. मॅगिल आणि काँकॉर्डिया ही इंग्रजी विद्यापीठं माँट्रियलमध्येच आहेत.

क्वेबेकसाठी स्वतंत्र राष्ट्राच्या मागणीकडेही मी याच बाजूनं पाहतो. १९७० च्या ऑक्टोबरात एका छोट्या दहशतवादी गटानं मंत्री प्येर लापोर्त यांचं अपहरण केलं, संघ सरकारनं युद्धकाळातला कायदा लावला, लापोर्त मारले गेले आणि हिंसेचा मार्ग तिथेच बंद झाला. पुढचं सगळं मतपेटीतून झालं. १९८० च्या सार्वमतात सुमारे साठ टक्के लोक नको म्हणाले. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी ५०.५८ टक्के नको म्हणाले, ४९.४२ टक्के हो म्हणाले, आणि मतदान ९३ टक्क्यांवर गेलं होतं. एवढ्या निसटत्या निकालानंतर रस्त्यावर रक्त सांडलं नाही, ही या समाजाची थोरवी मी मानतो. त्यानंतर मागणीचा जोर ओसरला. त्याचं एक मोठं कारण मला हे दिसतं की ज्या अन्यायातून ती मागणी उगवली, तो पगाराच्या पाकिटातून बराचसा दूर झाला होता.

आता ज्या दोन ठिकाणी क्वेबेक स्वतःचाच धडा विसरला, त्यांबद्दल स्पष्ट बोलतो. ‘आपल्या घरात आपण मालक’ म्हणताना ते घर आणखी कुणाचं होतं? प्रांतात दहा आदिवासी राष्ट्रं आणि इन्युइट लोक आहेत. १९७१ मध्ये जेम्स बे भागात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला, तेव्हा तिथल्या क्री लोकांना आधी विचारलंही गेलं नाही. १९७३ मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला, वरच्या न्यायालयानं तो आठवड्याभरात फिरवला, पण त्या दबावातून १९७५ चा करार झाला. त्यात क्री आणि इन्युइट लोकांना भरपाई, शिकारीचे हक्क आणि स्वतःची शाळा मंडळं मिळाली. आज क्री मुलं सुरुवातीचं शिक्षण क्री भाषेत घेतात. ज्या विजेनं फ्रेंचला भाकरी दिली ती वीज दुसऱ्यांच्या शिकारीची रानं बुडवून आली, हे फ्रेंच लेखकांनीही आता मांडलं आहे आणि ते मांडल्याशिवाय क्वेबेकची ओळख अर्धवट राहते.

दुसरी चूक ताजी आहे. २०१९ च्या ‘कायदा २१’ नं सरकारी शाळांतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर धार्मिक चिन्ह घालायला मनाई केली. पगडी घालणारा शीख किंवा हिजाब घालणारी मुसलमान स्त्री तिथे नव्यानं सरकारी शाळेत शिक्षक होऊ शकत नाही. समर्थक म्हणतात, आम्ही चर्चच्या जोखडातून सुटलेले आहोत, सरकारी शाळेत पुन्हा धर्म नको. शाळा, इस्पितळं, बायकांचं शरीर या सगळ्यांवर पाद्र्यांची सत्ता पाहिलेल्या समाजाची ही भीती मला समजते. तरी ती इथे लागू होत नाही. पाद्र्याच्या हाती सत्ता होती, वर्गावर फ्रेंच शिकवणाऱ्या हिजाबातल्या बाईच्या हाती फक्त खडू आहे. जेरार बुशार आणि चार्ल्स टेलर यांच्या आयोगानं २००८ मध्ये ही मनाई न्यायाधीश, पोलीस अशा मोजक्या पदांपुरती सुचवली होती, शिक्षकांना त्यातून मुद्दाम वगळलं होतं. कायदा १०१ नं नवागताला सांगितलं होतं की भाषा शिक, काम कर, तू आमचा. हैतीहून आलेले दानी लाफेरिएर २०१३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून गेले, व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेल्या किम थुई आज क्वेबेकच्या आघाडीच्या लेखिका आहेत. त्या वचनाची ही फळं आहेत. फ्रेंच शिकून फ्रेंचमध्ये शिकवू पाहणाऱ्या माणसाची नोकरी कपड्यावरून नाकारणं म्हणजे ते वचन मोडणं.

शेवटचा आक्षेप आकड्यांचा आहे. घरात मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्यांचं प्रमाण २०१६ मध्ये ७९ टक्के होतं, २०२१ मध्ये ७७.५ वर आलं. मग एवढं सगळं करूनही भाषा हरतेच आहे, असं काही जण म्हणतात आणि २०२२ चा ‘कायदा ९६’ याच काळजीतून आला. मी या आकड्याला एवढं घाबरत नाही. घरात अरबी, स्पॅनिश किंवा मराठी बोलणारं कुटुंब कामावर आणि शाळेत फ्रेंच बोलत असेल तर फ्रेंचचं काही बिघडलेलं नाही. बघायचा तो आकडा कामाच्या जागेचा. पडदा, संगणक आणि अमेरिकी कंपन्या यांच्यामुळे तिथे इंग्रजीचा रेटा वाढतो आहे, आणि २०२२ च्या कायद्यानं फ्रेंच कामकाजाची अट पंचवीस कामगारांच्या व्यवसायांपर्यंत खाली आणली, हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग आहे.

आपल्याकडे १९६४ मध्ये मराठीला राजभाषा करणारा कायदा झाला आणि सरकारी फायलींत मराठी आली. खासगी कंपनीतल्या कामकाजाला त्यानं हात लावला नाही. या दोन कायद्यांची तुलना करणारं काम आपल्या विद्यापीठांत व्हायला हवं. त्याहून सोपी विनंती फ्रेंच शिकणाऱ्या तरुणांना आहे. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांत कितीतरी मुलं फ्रेंच घेतात आणि त्यांना पॅरिसचे रस्ते पाठ होतात. त्यांतल्या थोड्या जणांनी गाब्रिएल रॉय, मिशेल त्रांब्ले, किम थुई मूळ फ्रेंचमधून वाचावेत, लोरांदो-डंटन आयोगाचा मिळकतीवरचा खंड आणि १९७७ ची सनद चाळावी, आणि यांतलं एखादं तरी पुस्तक इंग्रजीच्या वाटेनं न जाता थेट मराठीत आणावं.